हाक थांबली की घंटा वाजावी

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी जे सोलापूरचे आहेत त्यांना गड्डा म्हणजे काय ते सांगायला नको. बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास सोलापूरचे ग्रामदैवत श्री सिद्धेश्वर यांची यात्रा भरते. नंदीध्वजांची मिरवणूक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होमविधी, शोभेचे दारूकाम असे कार्यक्रम ओळीने होतात, आणि देवळाजवळच्या होम मैदानावर पाळणे, खेळण्यांची दुकाने आणि खाऊच्या गाड्या यांची जत्रा त्यानंतरही बरेच दिवस चालू राहते. हाच गड्डा. संध्याकाळी तिथे खांद्याला खांदा घासतो, आणि मधूनमधून ध्वनिक्षेपकावरून कोणाच्या तरी हरवलेल्या मुलाचे वर्णन ऐकू येते.

मी आठवीत असताना माझा धाकटा भाऊ याच मैदानावर हरवला होता. पाळण्याची तिकिटे काढण्यासाठी आईने क्षणभर त्याचा हात सोडला आणि तो फुगेवाल्याच्या मागे गेला. पाऊण तासाने सापडला, रडून रडून घसा बसलेला. घरी आल्यावर मी आईला विचारले, तो नाहीसा झाल्याचे तुला केव्हा कळले? ती म्हणाली, "तिकिटे घेऊन मागे वळले तेव्हा." मधे किती वेळ गेला होता ते तिला सांगता येईना. एक मिनिट असेल, पाच असतील. गर्दीत पाच वर्षांचे मूल सेकंदाला एक मीटर जरी चालले, तरी दोन मिनिटांत शंभर-सव्वाशे मीटर दूर जाते. म्हणजे मूल शोधण्याच्या आधीची अडचण अशी, की ते दूर गेले हे वेळेवर कळत नाही.

ही अडचण इलेक्ट्रॉनिक्सच्या साध्या प्रकल्पाने सोडवता येण्याजोगी आहे. मुलाच्या खिशात एक छोटा रेडिओ प्रेषक, पालकाच्या हातात ग्राहक, आणि दोघांतले अंतर वाढले की पालकाच्या हातातला बझर वाजायचा. भाग बहुतेक विद्युत्‌साहित्याच्या दुकानांत मिळतात, खर्च काही शेकड्यांत भागतो. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या विज्ञान प्रदर्शनासाठी हाच प्रकल्प घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तो आज ज्या रीतीने केला जातो आणि तपासला जातो, त्याबद्दल माझी तक्रार आहे.

तक्रार कशी ते एका उदाहरणाने सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शालेय प्रदर्शनात मी असेच उपकरण पाहिले. पेटी सुबक, तारा रंगीत, तक्ता छापील. विद्यार्थी धीटपणे सांगत होता, "मूल दूर गेले की त्याच्या खिशातली पेटी ते ओळखते आणि आईच्या पेटीला रेडिओने तसा संदेश पाठवते. मग आईकडचा भोंगा वाजतो." परीक्षकांनी माना डोलावल्या. प्रकल्पाला बक्षीसही मिळाले. तुम्ही इथे जरा थांबा आणि या वाक्यात काय चुकले आहे ते स्वतः शोधा.

सापडले? मूल रेडिओच्या पल्ल्याबाहेर गेले आहे, हे सांगणारा संदेश त्याच रेडिओवरून पाठवायचा आहे! पल्ला संपला म्हणून भोंगा वाजायला हवा, आणि पल्ला संपला म्हणूनच संदेश पोचणार नाही. टेबलावर दोन पेट्यांत दोन हात अंतर असताना एक बटण दाबले की भोंगा वाजे, म्हणून ही चूक कोणाच्या लक्षात आली नाही. त्या मुलाला मी दोष देत नाही. आपल्या सर्वांनाच काहीतरी घडले की घंटा वाजते अशी सवय असते. काहीतरी घडायचे थांबले की घंटा वाजावी, हा विचार थोडा उलटा आहे, आणि तो कुणीतरी शिकवावा लागतो.

सोलापूरच्या मुलांना तो शिकवायला फार लांब जायला नको. ज्यांच्या घरात किंवा शेजारी यंत्रमाग आहे त्यांनी तो चालू असताना नीट पाहावा. चादर किंवा टॉवेल विणला जात असताना आडवा धागा तुटला, अथवा धोट्यातली कांडी संपली, तर माग आपोआप थांबतो. हे कसे होते? साध्या मागाच्या एका कडेला तारेचा लहानसा काटा असतो. धोटा एका बाजूकडून दुसरीकडे गेला की त्याने मागे सोडलेला धागा फणीच्या हालचालीबरोबर या काट्याला ढकलतो, त्यामुळे काट्याचे मागचे टोक वर उचलले जाते आणि त्याखाली मागेपुढे हलणारा आकडा मोकळा जातो. धागाच नसेल तर काट्याला ढकलणारे काही उरत नाही. टोक खालीच राहते, आकड्यात अडकते, दांडा सुटतो आणि माग बंद पडतो. म्हणजे धाग्याला "मी आहे, मी आहे" असे सतत सांगत राहावे लागते. तुटलेला धागा काही सांगू शकत नाही, आणि त्याचे न सांगणे हीच मागाला पुरेशी सूचना असते.

आगगाडीच्या रुळांतही हेच तत्त्व वापरले आहे. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १८७२ मध्ये रुळांच्या तुकड्यातून सतत बारीक विद्युत्‌प्रवाह सोडून दुसऱ्या टोकाला रिले बसवण्याची युक्ती काढली. प्रवाह पोचतो आहे तोवर मार्ग मोकळा. गाडी आली की तिची चाके आणि आस यांच्यामधून प्रवाह दुसऱ्या रुळाकडे वळतो, रिले सुटते आणि सिग्नल लाल होतो. खरी खुबी पुढेच आहे. घट संपला, तार तुटली किंवा रूळच मोडला, तरीही सिग्नल लालच होतो. यंत्र बिघडले तर ते सुरक्षित बाजूला बिघडते.

आता आपली पेटी याच धर्तीवर बांधू. मुलाच्या खिशातला प्रेषक दर सेकंदाला एक छोटी हाक देईल. पालकाच्या हातातला ग्राहक ती हाक ऐकत राहील आणि सलग काही सेकंद हाक आली नाही तर बझर वाजवील. मूल दूर गेले, प्रेषकाचा घट संपला, पेटी पाण्यात पडली, कोणी ती काढून फेकली, यांपैकी काहीही झाले तरी पालकाला कळेल.

ग्राहकातला 'हाक थांबली' हे ओळखणारा भाग ५५५ या जुन्या, स्वस्त आणि विश्वासू चकतीने होतो. हान्स कामेनझिंड यांनी रचलेली ही चकती सिग्नेटिक्स कंपनीने १९७२ मध्ये बाजारात आणली आणि ती अजूनही सर्वत्र मिळते. तिची ६ व ७ क्रमांकांची टोके एकत्र जोडा. त्या सांध्यापासून घटाच्या धन टोकाकडे ४७० किलोओहमचा रोध आणि ऋण टोकाकडे १० मायक्रोफॅरडचे धारित्र लावा. धारित्र हळूहळू भरत जाते. त्यावरचा दाब घटाच्या दाबाच्या दोन तृतीयांश झाला की चकतीचे ३ क्रमांकाचे टोक खाली येते. याला लागणारा वेळ म्हणजे रोध आणि धारित्र यांच्या गुणाकाराची १.१ पट, इथे सुमारे ५ सेकंद. आता एक बीसी ५५७ ट्रान्झिस्टर घ्या. त्याचा उत्सर्जक या सांध्याला, संग्राहक ऋण टोकाला आणि पाया १ किलोओहमच्या रोधातून चकतीच्या २ क्रमांकाच्या टोकाला जोडा. प्रत्येक हाकेबरोबर २ क्रमांकाचे टोक क्षणभर खाली ओढले गेले, की ट्रान्झिस्टर धारित्र रिकामे करून टाकतो आणि मोजणी पहिल्यापासून सुरू होते. हाका येत आहेत तोवर धारित्र कधीच पुरते भरत नाही. धन टोक आणि ३ क्रमांकाचे टोक यांच्यामध्ये लहान पिझो बझर लावला, की हाका थांबल्यावर पाच सेकंदांनी तो वाजतो, आणि हाक परत आली की आपोआप गप्प होतो. पेटी सुरू करताच पहिली हाक येईपर्यंतही तो वाजतो. हा दोष समजू नका, बझर शाबूत आहे याची ती खात्री आहे.

आता हाकेचा विचार. माझा स्वतःचा पहिला प्रयत्न इथेच फसला, म्हणून हा भाग सविस्तर लिहितो. बाजारात ४३३ मेगाहर्ट्झचे तयार प्रेषक-ग्राहक जोडीने मिळतात. मी ग्राहकाचे बाहेरचे टोक सरळ ५५५ कडे नेले. प्रेषक बंद केला. बझर वाजेना. प्रेषक कपाटात ठेवला, शेवटी त्याचा घट काढून घेतला, तरी बझर गप्पच. दोन रविवार गेल्यावर उलगडा झाला. रेडिओच्या जगात शांतता नावाची गोष्ट नसते. स्वस्त ग्राहकाला संदेश मिळेनासा झाला की तो आपली संवेदनक्षमता वाढवत नेतो आणि मग आसपासची खरखरच त्याला मोठ्याने ऐकू येते. त्या खरखरीचे उलटसुलट ठोके माझी ५५५ हाक समजून मोजत बसली होती.

याला उपाय म्हणजे हाकेला नाव देणे. एचटी १२ ई ही चकती प्रेषकात आणि एचटी १२ डी ही तिची जोडीदार ग्राहकात घाला. दोन्हींवर आठ आठ टोके अशी आहेत की ती जमिनीला जोडून किंवा मोकळी ठेवून २५६ प्रकारचे पत्ते करता येतात. ग्राहकाकडची चकती आलेला पत्ता आपल्या पत्त्याशी लागोपाठ तीन वेळा ताडून पाहते आणि जुळला तरच आपले १७ क्रमांकाचे टोक वर करते. खरखरीला तीनदा तोच पत्ता उच्चारणे जमत नाही. या टोकाने एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर चालवा, त्याच्या संग्राहकाला धन टोकाकडून १० किलोओहमचा रोध द्या आणि संग्राहक ५५५ च्या २ क्रमांकाच्या टोकाला जोडा. प्रेषकाकडे दुसरी ५५५ दर सेकंदाला एचटी १२ ई चे १४ क्रमांकाचे टोक क्षणभर खाली ओढील. ही दुसरी ५५५ मात्र सीमॉस जातीची घ्या, कारण साधी चकती नुसती बसूनच काही मिलिअँपिअर खाते आणि खिशातला घट लहान असतो.

कायद्याबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. जुन्या छंदपुस्तकांत एका ट्रान्झिस्टरचा एफएम प्रेषक बांधायची कृती हमखास असते. तो बांधू नका. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ हा पट्टा नभोवाणीचा आहे आणि परवान्याशिवाय त्यात प्रक्षेपण करणे हा गुन्हा ठरतो. ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झच्या अरुंद पट्ट्यात अल्पशक्तीच्या उपकरणांना आपल्याकडे परवाना लागत नाही, पण शक्ती १० मिलीवॉटच्या आत हवी. आपल्याला त्याहून पुष्कळ कमी पुरते.

पेटी तयार झाली, टेबलावर चालली. बहुतेक प्रकल्प इथे संपतात. माझ्या मते खरा प्रकल्प इथून सुरू होतो.

पहिला प्रश्न: बझर किती मीटरवर वाजणार? मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पोचणारी शक्ती चौथाई होते. म्हणून शंभर मीटर पल्ल्याचा प्रेषक तीस मीटरवर आणायचा तर शक्ती सुमारे दहा पटीने कमी करावी लागते. एरियल म्हणून तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याइतकी, म्हणजे सुमारे १७ सेंटिमीटर तार लावतात. ती कापत गेलात की पल्ला घटतो. हे झाले पुस्तकातले. पण माणसाचे शरीर बरेचसे पाण्याचे असते आणि रेडिओ लहरींचा मोठा भाग गिळते. मुलाने पेटी पोटाशी धरून तुमच्याकडे तोंड केले तर बझर एका अंतरावर वाजेल, आणि पाठ केली तर पुष्कळ आधी वाजेल. मधे चार धट्टेकट्टे गृहस्थ आले की आणखी आधी. पाळण्यांच्या लोखंडावरून लहरी परततात, त्या सरळ आलेल्या लहरींत मिसळतात, आणि मग नुसते वीतभर सरकल्यानेही जोरदार हाक क्षीण होऊन जाते. 'पंधरा मीटरचा गजर' असे तक्त्यावर लिहिणाऱ्याने हे सर्व करून पाहिलेले नसते. गणपतीपुढे किंवा आठवडी बाजारात, दर अंतरावर दहा वेळा, तोंड करून आणि पाठ करून प्रयोग करावा आणि किती वेळा बझर वाजला ते लिहावे. त्या वहीतले आकडे ओबडधोबड येतील. येऊ द्या.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे. पाच सेकंद थांबणे योग्य, की जास्त थांबावे? मोकळ्या जागी पाचांतली एक हाक चुकते असे धरा. लागोपाठ पाच चुकण्याची शक्यता पाचांशाचा पाचवा घात, म्हणजे ३१२५ मध्ये एक. हिशेब केला तर खोटा गजर सरासरी तासाभरातून एकदा होईल. हे चालेल. आता गर्दीत निम्म्या हाका चुकू लागल्या असे समजा. मग पाच सलग चुकण्याची शक्यता ३२ मध्ये एक होते आणि खोटा गजर सरासरी दर मिनिटाला! मूल आईच्या पदराला धरून उभे आहे आणि बझर कोकलतो आहे. तिसऱ्या वेळी आई तो बंद करून पिशवीत टाकेल, आणि बंद केलेला गजर हा नसलेल्या गजराहून वाईट, कारण तो आहे असे सर्वांना वाटत असते. पाचऐवजी दहा हाका थांबलो तर हाच खोटा गजर अर्ध्या तासाहून अधिक काळाने येईल; परंतु तेवढ्यात मूल आणखी पाच मीटर पुढे गेलेले असेल. प्रत्यक्षात हिशेब यापेक्षाही वाईट असतो, कारण हाका एकएकट्या चुकत नाहीत. कोणी मधे उभा राहिला की सगळ्या मिळून चुकतात. शून्य खोटे गजर आणि शून्य उशीर, दोन्ही एकाच वेळी देणारे यंत्र कोणी बनवलेले नाही. कुठे थांबायचे ते ठरवावे लागते, आणि ठरवताना मूल, आई आणि मैदान डोळ्यांपुढे आणावे लागते. मी आठ सेकंदांवर थांबलो. तुमचे उत्तर वेगळे येऊ शकते.

शिक्षक मित्रांना इथे एक विनंती आहे. वर्गातल्या दहा-बारा गटांनी हीच पेटी बांधली तर ती सर्व एकाच वेळी, एकाच पटांगणात चालवून पाहा. दर हाक सुमारे दहावा भाग सेकंद चालते. दुसऱ्या एका पेटीची हाक तिच्यावर आदळण्याची शक्यता पाचांत एक. दहा पेट्या शेजारी असल्या तर तुमची हाक निर्वेध पोचण्याची शक्यता ०.८ चा दहावा घात, म्हणजे जेमतेम अकरा टक्के उरते. सगळे बझर एकदम वाजू लागतील आणि वर्गात हशा पिकेल. मग मुलांना विचारा, हाक आखूड केली तर? दर पेटीचा वेळ थोडा वेगळा ठेवला तर? हवाई विद्यापीठातल्या नॉर्मन एब्रमसन यांना १९७० च्या सुमारास, अनेक संगणक एकाच रेडिओ मार्गावर बोलू लागले तेव्हा, हाच प्रश्न पडला होता. त्यांनी शोधलेल्या 'अलोहा' पद्धतीचे वंशज आजच्या बिनतारी जाळ्यांत आहेत.

आणि गुण देताना पेटीच्या रंगाला देऊ नका. परीक्षकाने एवढेच करावे: प्रेषकाचा घट काढावा आणि घड्याळ पाहावे. नंतर विद्यार्थ्याला त्याची वही मागावी आणि पेटी कुठे कुठे फसली ते विचारावे. ज्याच्या वहीत एकही फसलेला प्रयोग नाही, त्याला मी तरी बक्षीस देणार नाही.

कोणी म्हणेल, ब्लूटूथचे बिल्ले तयार मिळतात, जोड तुटली की ते फोनवर इशारा देतात, मग हा खटाटोप कशाला? बिल्ला विकत घेतला तरी वरचे सगळे प्रश्न त्याच्या आत तसेच आहेत. ते दुसऱ्या कोणीतरी, होम मैदान न पाहता, आपल्या अंदाजाने सोडवलेले असतात. शिवाय आपली पेटी मूल कुठे आहे हे कोणालाच सांगत नाही, फक्त जवळ नाही एवढेच सांगते. मला हा तिचा गुण वाटतो.

एक उणीव मात्र मान्य केली पाहिजे. प्रेषकाचा घट संपला तर गजर होतो, पण ग्राहकाचा संपला तर पालकाला काहीच कळत नाही. म्हणून दर हाकेबरोबर लुकलुकणारा एक लाल दिवा ग्राहकावर हवा, आणि निघण्यापूर्वी दोन्हींत नवे घट. प्रेषकाच्या झाकणाखाली मुलाचे नाव आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठीही ठेवा.

गेल्या गड्ड्यात माझ्या त्याच भावाची मुलगी ही पेटी फ्रॉकच्या खिशात घालून आमच्याबरोबर फिरली. दोन तासांत बझर तीनदा वाजला. दोनदा ती शेजारीच होती, एकदा पाळण्याच्या खांबाआड आणि एकदा माझ्याच पाठीमागे. तिसऱ्या वेळी भावाने वळून पाहिले तेव्हा जागा रिकामी होती. तो मागे धावला. चौदा पावलांवर, खेळण्यातल्या बुलडोझरच्या दुकानापुढे, ती उकिडवी बसून एकेक चाक फिरवून पाहत होती. मी वहीत वेळ आणि पावले लिहून घेतली.